मोर्च्यातलं गाणं बांधतात कसं, आणि बांधणारा जातो कुठे?

एप्रिल लागला की ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर या भागांत मांडव पडायला लागतात. निळ्या पताका, गल्लीच्या तोंडाशी कमान, आणि रात्री दहाला माईक बंद करावा लागणार हे माहीत असल्यामुळे उजेडीच सुरू झालेली गायन पार्टी. रस्त्याच्या पश्चिमेला घणसोली, कोपरखैरण्याच्या गावठाणांत जमिनीच्या प्रश्नावर मेळावा असला की तिथेही गाणं असतंच; फक्त ठेका आगरी-कोळी वळणाचा. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. गाणं सगळ्यांना पाठ असतं, आणि लिहिलं कुणी म्हणून विचारलं तर गाणाऱ्याचं नाव सांगितलं जातं.

याला लोकांचा विसराळूपणा म्हणून सोडून देता येईल. पण मला वाटतं, कारण गाण्याच्या बांधणीतच आहे. आंदोलनाचं गाणं बांधलंच जातं अशा बेतानं, की ते लिहिणाऱ्याच्या हातून सुटून कुणाच्याही तोंडी बसावं. जे गाणं सुटत नाही ते पुस्तकात राहतं. हे बांधकाम कसं चालतं ते आधी पाहू. माणसं त्या ओघात येतीलच.

चालीपासून सुरुवात करतो, कारण नाकं मुरडली जातात ती इथेच. "हे तर सिनेमाच्या गाण्यावर बेतलेलं आहे," असं म्हणून अनेक जाणकार भीमगीतं आणि मोर्च्याची गाणी बाजूला सारतात. पण विचार करा. मैदानात पाचशे माणसं बसली आहेत. त्यांना नवी चाल शिकवायला वेळ नाही, तालीम नाही, कागद वाटले तर अर्ध्यांना वाचता येत नाही. अशा वेळी चाल आधीपासून कानात असलेलीच हवी. मग ती तमाशातली असो, भजनाची असो, पाळण्याची असो, नाहीतर कालच थिएटरात लागलेल्या सिनेमाची. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांकडे जातं, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत तो स्वतः गायला लागतो. शाहिरानं चाल उसनी घेतली म्हणून त्याची प्रतिभा कमी पडली असं मानायचं कारण नाही. त्याचा सगळा जोर दुसरीकडे लागलेला असतो.

तो जोर लागतो पालुपदात. पोवाड्याच्या फडात मुख्य शाहिरामागे दोन-तीन झीलकरी उभे असतात. शाहीर कडवं संपवतो तेव्हा त्याचा दम संपलेला असतो. झीलकरी "जी जी रं जी" उचलतात, तेवढ्यात तो श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, गर्दीवर नजर टाकतो, कुठे टाळी आली आणि कुठे चुळबुळ झाली ते टिपतो. पोलीस आलेत का, हेही पाहतो. म्हणजे झील ही नुसती शोभा नव्हे. पूर्वी माईक नसताना मोकळ्या मैदानात खालचा सूर चार रांगांपुढे पोचायचा नाही, म्हणून पोवाडा वरच्या पट्टीत गातात. तुणतुण्याची एकच तार त्या पट्टीवर धरून ठेवते. आणि डफ एवढा हलका, की एका हातात धरून चालता चालता वाजवता येतो. पेटी घेऊन मोर्च्यात चालून बघा, म्हणजे डफ का टिकला ते कळेल.

पालुपद गर्दीनं उचललं की गाण्याची मालकी तिथेच बदलते. आता ते शाहीर एकटा गात नसतो. हे मुद्दाम घडवून आणलेलं असतं.

पोवाडा काही जन्मतः बंडखोर नाही, हेही सांगून टाकलं पाहिजे. तो मूळचा पराक्रमाचं वर्णन करणारा, आणि बऱ्याचदा सरदार-दरकदारांच्या बिदागीवर पोसलेला प्रकार. त्याला वेगळ्या कामाला जुंपलं ते जोतीराव फुल्यांनी. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, त्यात महाराज कुळवाड्यांचे, म्हणजे कष्टकरी शेतकऱ्यांचे राजे म्हणून उभे केले. नायक जुनाच, पण तो कुणाचा हे बदललं. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याच विचारातून सत्यशोधक जलसे निघाले. सावकार, भट-भिक्षुकी, मुलांना शाळेत घालणं, असे विषय तमाशाच्या साच्यात घालून गावोगाव नेणारे हे जलसे.

तमाशाचा साचा माहीत असला तर त्यातली गंमत कळते. आधी गण, म्हणजे गणपतीचं नमन. मग गवळण, म्हणजे कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. मग बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, मग वग, म्हणजे मुख्य कथा. प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला हा क्रम. जलसेकऱ्यांनी क्रम ठेवला आणि आतला माल बदलला. आंबेडकरी जलशांत १९३० नंतर हे फार पुढे गेलं. सुरुवातीचं नमन देवाला करायच्या ऐवजी चळवळीच्या माणसांना आणि विचाराला. गवळणीच्या जागी शिक्षणावरचा, पाणवठ्यावरचा, मेलेल्या ढोराचं मांस सोडण्यावरचा संवाद. सोंगाड्या तोच, विनोद तोच, पण हसू येतं ते आता जातीच्या तोऱ्यावर. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे या जलशांतलं मोठं नाव. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, असं डॉ. आंबेडकर म्हणाल्याचं सांगतात. (हे कर्डक वेगळे आणि वामनदादा कर्डक वेगळे. आडनाव एक, जिल्हाही एकच, त्यामुळे चांगल्या चांगल्यांची गल्लत होते.)

हा साचा वापरण्यात एक धूर्तपणाही होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णा भाऊ साठ्यांनी आपले खेळ 'लोकनाट्य' या नावाखाली चालू ठेवले. त्यांनी गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि शिवरायांना वंदन घातलं, गवळण काढूनच टाकली.

अण्णा भाऊंकडे येतो, कारण त्यांच्याशिवाय हा विषय उभाच राहत नाही. १९२० साली सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावला, मांग समाजातल्या घरात जन्म. शाळा जेमतेम दीड दिवसाची. वडिलांबरोबर गावाहून पायी मुंबईला आले, गिरणीत आणि मिळेल तिथे राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. अक्षरं ओळखायला शिकले ती शाळेबाहेर. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब पटेल, आवाज असा की माईकची पर्वा नको. लिहिणारे आणि गाणारे, दोन्ही एकाच पथकात असल्यामुळे गाणं लिहून झालं की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर.

तो काळ आपल्या या ठाणे जिल्ह्यातही धगधगता होता. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. आज टिटवाळा म्हटलं की महागणपती आणि मंगळवारची लोकलची गर्दी आठवते, पण त्या परिषदेला तलासरी-डहाणूकडचे वारलीही आले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोनं जन्मभर जमीनदाराकडे राबायचं, ही लग्नगडीची पद्धत तेव्हा ठाणे जिल्ह्यात सर्रास चालू होती. त्याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारी नाकारली, आणि ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे ठाण्यात राहणाऱ्याला आता हे 'तिकडचं' वाटतं. तेव्हा ते ठाणेच होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या सगळ्या तयारीला तोंड फुटलं. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णा भाऊंची छक्कड घ्या. छक्कड हा तमाशातलाच गाण्याचा प्रकार, बहुधा शृंगाराकडे झुकणारा. इथेही सुरुवात तशीच होते. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी, मागे राहिलेली बायको, तिचं रूप, निरोपाच्या वेळची तिची दशा. ऐकणारा गिरणीकामगार मनात म्हणतो, ही तर माझीच गोष्ट. त्याची बायकोही सातारा-सांगली-रत्नागिरीकडे राहिलेली. मग मुंबईचं वर्णन येतं, ज्याच्याकडे आहे त्याची मुंबई आणि ज्याच्याकडे नाही त्याची मुंबई. आणि मग, ऐकणाऱ्याचा गळा दाटून आलेला असतानाच, शाहीर सांधा बदलतो: जी माझ्या मैनेची गत, तीच या खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावं एकामागून एक पडायला लागतात.

उंबरगाव या नावाशी मी नेहमी थांबतो. हा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं. म्हणजे ज्या गाण्यावर शिवाजी पार्कात टाळ्या पडायच्या, त्यातलं एक गाव आपल्या जिल्ह्याच्या उशाचं. भाषणात सीमाप्रश्न सांगायचा तर नकाशा लागतो, आयोगाचा अहवाल लागतो, टक्केवारी लागते. छक्कडीनं त्यातलं काहीच घेतलं नाही. तिनं विरह आधी भोगायला लावला आणि मग त्या विरहाला पत्ता दिला. रूपक काय काम करतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला मराठीत सापडलेलं नाही. शिवाय रूपकाचा एक व्यवहारी फायदाही होता. गाण्याचा अर्धा भाग बायकोविषयी असला तर तो राजद्रोहाच्या कलमात बसवायचा कसा?

याच चळवळीतले शाहीर आत्माराम पाटील आपल्या भागातले. माकुणसार त्यांचं गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरात. त्यांनी घेतली एक म्हण. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही घराघरातली. तिच्यावरून त्यांनी सरकारलाच सांगितलं, 'संयुक्त महाराष्ट्र उगवतोय सरकारा, खुशाल कोंबडं झाकून धरा'. ओळ ऐकल्यावर समजावून सांगायला काही उरत नाही. म्हण आधीच लोकांची होती, तिच्यात फक्त 'सरकारा' ही हाक नवी आली, आणि त्या हाकेत जरब नाही, थट्टा आहे. फ्लोरा फाउंटनला २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गोळीबार होऊन माणसं मेलेली असताना थट्टेचा सूर धरणं सोपं नव्हतं. रडगाण्यापेक्षा अशी थट्टा सत्तेला जास्त झोंबते, आणि गर्दीची भीती घालवते.

आता वामनदादा कर्डक. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण नवी मुंबईच्या मांडवांत आजही सर्वाधिक ऐकू येतात ते तेच, नावासकट किंवा नावाशिवाय.

जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत येऊन कष्टाची कामं केली. विशी गाठेपर्यंत अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचून दाखव म्हणाला आणि वाचता येईना, याची लाज वाटून ते लिहाय-वाचायला शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं पक्की केली, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. १९४३ मध्ये पहिलं गाणं केलं ते एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन. म्हणजे पुन्हा उसनी चालच. त्यानंतर २००४ पर्यंत, जवळपास मरेपर्यंत, ते लिहीत आणि गात राहिले.

पाट्या वाचून शिकलेल्या माणसाचं एक गाणं पाट्यांवरच उभं आहे. 'सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठं हाय हो, सांगा धनाचा साठा न आमचा वाटा कुठं हाय हो'. अर्थशास्त्राच्या पुस्तकात संपत्तीच्या वाटपावर एक प्रकरण असतं. वामनदादांनी ते एका प्रश्नात बसवलं, आणि प्रश्न बसवला 'टा'च्या यमकावर. बाटा, टाटा ही नावं रोज नजरेला पडणारी, आणि साठा, वाटा हे शब्द त्यांच्याच घरातले असल्यासारखे मागून येतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हे यमक तर पाटीवरच लिहिलेलं होतं, आपल्याला दिसलं कसं नाही? त्यात 'कुठं हाय हो' मधला 'हो' बघा. तो नम्र आहे. हात जोडून विचारल्यासारखा. तोच जास्त बोचतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, त्यांच्या भिंतीला लागून वस्त्या झाल्या, मग कारखाने गेले आणि तिथे काचेच्या इमारती उठल्या. पाट्या बदलल्या. गाणं तसंच लागू पडतं, कारण त्याची रचना यादीची आहे आणि यादीत जागा मोकळी असते.

दुसरं गाणं याच्या अगदी उलट दिशेनं तोंड केलेलं. 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते, तलवारीचे तयांच्या न्यारेच टोक असते'. घाट गझलेचा. प्रत्येक शेरात 'असते' येतं, म्हणजे तसे ते नाहीत. हे गाणं विरोधकाला उद्देशून नाहीच. समोर बसलेल्या आपल्याच माणसांना, आणि त्यांच्यापेक्षाही व्यासपीठावर बसलेल्या पुढाऱ्यांना ते विचारतं, की बाबासाहेबांच्या मताचे पाच तरी आहेत का तुमच्यात? सत्तेला शिव्या देणारी गाणी ढिगानं सापडतात. ज्यांच्या बिदागीवर आपलं घर चालतं त्यांच्याच तोंडावर असं म्हणणारा शाहीर विरळा. जयंतीच्या मिरवणुकीत हे गाणं आता छाती दडपून टाकणाऱ्या आवाजात लागतं, पुढारी रथावर उभे असतात, आणि सगळे मिळून त्यावर नाचतात. वामनदादांनी हे पाहिलं असतं तर त्यांनी आणखी एक शेर जोडला असता, असं मला उगाच वाटतं.

बायकांचा उल्लेख इथवर आला नाही, तो मैदानाच्या बाजूनं बघितल्यामुळे. पोवाड्याच्या फडावर बाई क्वचितच दिसे, पण जात्यावर होती. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यात सासर आहे, पाऊस आहे, विठ्ठल आहे, आणि बाबासाहेबांवरच्या ओव्याही भरपूर आहेत. ओवीला झीलकरी लागत नाही, परवानगी लागत नाही, बिदागीही नसते. पहाटे जात्याच्या घरघरीत म्हटलेल्या ओवीनं नवऱ्याला, सासूला, पाटलाला काय सुनावलं हे शेजारणीशिवाय कुणाला कळायचं नाही. विद्रोहाच्या गाण्यांच्या इतिहासात ही बाजू नेहमी शेवटी आणि घाईत येते. मीही तेच करतो आहे. आज एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलच्या पडद्यावरून घराघरांत पोचल्या, तेव्हा कुठे ओवीचा तो सूर बाहेर ऐकू आला.

खाडीच्या या बाजूची स्वतःची गोष्ट आता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर वसवायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाजणं गेली. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उठले, आणि १६ व १७ तारखेला उरण तालुक्यात दास्तान फाटा आणि पागोटे इथे झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना ही त्या लढ्याची कमाई. दरवर्षी जानेवारीत तिथे अभिवादन होतं. नवी मुंबईच्या विमानतळाला 'दिबां'चं नाव द्यावं म्हणून २४ जून २०२१ रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडकोला घेराव घातला गेला तेव्हा मोबाइलवर गाण्यांचा पूर आला होता.

या गाण्यांचा साचा पोवाड्याचाही नाही आणि जलशाचाही नाही. आगरी-कोळी समाजात गाणं म्हणजे मुख्यतः लग्नातला धवला, तो म्हणणारी धवलारीण, हळदीची गाणी, नाचाचा ठेका. जमिनीच्या लढ्यानं तोच ठेका उचलला. म्हणून बाहेरच्या माणसाला ही गाणी हळदीतल्या गाण्यांसारखी वाटतात. त्याला 'साडेबारा टक्के' किंवा 'गावठाण' हे शब्द मध्येच ऐकू आले तरी तो नाचतच राहतो. गावच्या माणसाला मात्र त्यातला सातबारा ऐकू येतो. यातली काही गाणी पुढाऱ्यांच्या आरत्या होऊन बसतात, हेही खरं आहे. नाव घेऊन जयजयकार करणं सोपं. जमीन विकून बंगला आणि गाडी घेतल्यावर पुढे काय, असं आपल्याच भाऊबंदांना विचारणारं गाणं अवघड. ते अजून फार ऐकू येत नाही.

कायद्याचं काय? १८७६ साली इंग्रजांनी नाट्यप्रयोग कायदा केला, सरकारविरोधी खेळ थांबवण्यासाठी. तो स्वतंत्र भारतातही सत्तर वर्षं राहिला आणि २०१८ च्या जानेवारीत पुस्तकातून निघाला. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. नाटकाला हे जमतं, कारण त्याची संहिता ठरलेली असते. शाहिराचं कडवं मात्र गर्दी बघून बदलतं, सकाळची बातमी रात्रीच्या गाण्यात येते. कागदावर दिलेलं गाणं आणि मैदानात गायलेलं गाणं एकच आहे हे सांगायचं कुणी? म्हणून शाहिरावर कारवाई होते ती बहुधा वेगळ्याच कायद्यांखाली. 'कोर्ट' या २०१४ च्या सिनेमात एका वृद्ध शाहिराचा असाच खटला आहे. ती भूमिका वीरा साथीदारांनी केली आणि गाणी संभाजी भगतांची. प्रत्यक्षातही, २०२० मध्ये अटक झालेल्या कबीर कला मंच या गाणी-पथनाट्यं करणाऱ्या गटाच्या दोन कलावंतांना खारघरजवळच्या तळोजा कारागृहात ठेवण्यात आलं. त्यांच्यावरचे आरोप गंभीर आहेत, आणि आरोप म्हणजे शाबीत झालेला गुन्हा नव्हे.

मुलुंडचे शाहीर विलास घोगरे हे नाव ठाण्याच्या जुन्या लोकांना आठवत असेल. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मारले गेले. चार दिवसांनी घोगऱ्यांनी आपलं जीवन संपवलं. त्यांची गाणी आज ऐकायला मिळतात ती मुख्यतः आनंद पटवर्धनांनी आपल्या माहितीपटांसाठी ती चित्रित केली होती म्हणून. कॅमेरा नसता तर त्यातली किती उरली असती?

इथे परत सुरुवातीच्या गोष्टीवर येतो, म्हणजे लिहिणाऱ्याच्या नावावर. 'पाऊले चालती पंढरीची वाट' कुणाचं, असं विचारलं तर कुणीही कल्याणच्या प्रल्हाद शिंद्यांचं नाव सांगेल. ते शब्द दत्ता पाटलांचे आहेत हे किती जण सांगतील? ते विद्रोहाचं गाणं नाही, पण न्याय तोच. कॅसेटच्या वेष्टनावर फोटो गाणाऱ्याचा, बिदागी ठरते गाणाऱ्याशी. गीतकाराला बरेचदा एकरकमी पैसे देऊन मोकळं केलं जायचं. कायदा आता गीतकाराच्या बाजूनं आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९६९ साली गेलेल्या अण्णा भाऊंच्या शब्दांवर २०२९ अखेरपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकाराचा रॉयल्टीतला वाटाही पक्का केला. पण त्यासाठी आधी आपण ते लिहिलं याचा पुरावा लागतो, आणि वहीत लिहून गायन पार्टीला दिलेल्या गाण्याला तो कुठून येणार?

जुन्या शाहिरांनी यावर काढलेली तोड कायद्याहून जुनी आहे. शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा आज अज्ञानदासाचा, किंवा काहींच्या वाचनाप्रमाणे अग्निदासाचा, म्हणून ओळखला जातो तो केवळ अशा नाममुद्रेमुळे. नाहीतर त्या माणसाचा मागमूस राहिला नसता. वामनदादाही शेवटी 'वामन' घालतात. यात एक कच्चा दुवा आहे. 'वामन' चार मात्रांचं, आणि चार मात्रांची नावं महाराष्ट्रात पुष्कळ. ओळीच्या मध्ये सुटं घातलेलं नाव कुणीही उचलून तिथे आपलं बसवू शकतो, ठेका चुकत नाही. म्हणून नव्यानं गाणी लिहिणाऱ्या पोरांना माझं सांगणं असतं, की नाव यमकात बांधा. ते काढायला गेलं की पुढची ओळ पडते, आणि ती पडली की झीलकऱ्याला कळतं.